मीटरच्या आतले लखनौ

लखनौचा चौक, नखास, हुसेनाबाद ही वस्ती उभी राहिली तेव्हा वीज ही घरात आणायची वस्तू आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. आसफउद्दौलाने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून इथे आणली. तेव्हापासून १८५६ मध्ये वाजिद अली शाहचे राज्य खालसा होईपर्यंत शहर वाढत गेले ते लाखौरी विटेत. ही वीट पातळ, जेमतेम इंचभर जाडीची. चुना-सुरखीत बसवलेली आणि वरून चुन्याचा गिलावा चढवलेली. भिंती हात-दीड हात जाड, मधे मोकळे सहन म्हणजे अंगण, वर लाकडी तुळयांचे छत. अशा घरांत वीज विसाव्या शतकात शिरली, तीही भिंतीच्या पोटातून नव्हे, अंगावरून. आज त्या भिंतींवर तारांच्या तीन-चार पिढ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. सागवानी पट्टीवर पितळी क्लिपांनी अडकवलेली काळी रबरी वायर, तिच्या शेजारून गेलेली ॲल्युमिनियमची, तिच्यावरून प्लॅस्टिकच्या केसिंगमधली नवी तांब्याची. एवढ्या गर्दीत एक तार बहुतेक ठिकाणी सापडत नाही: जमिनीकडे जाणारी, अर्थिंगची. ती का नाही, याचे ठरलेले उत्तर असे की घरे जुनी आहेत. हे उत्तर मला पटत नाही. लाखौरी भिंतीला नळ लागला, गॅसची नळी लागली, वातानुकूलन यंत्रही लागले. मग एक हिरवी तारच तेवढी का लागू नये? माझे म्हणणे असे की विजेच्या कायद्याने मीटरपाशी एक रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या आत काय चालले आहे ते पाहण्याचे काम शंभर वर्षांत प्रत्यक्षात कोणीच उचलले नाही. लखनौमध्ये घरांच्या मालकीचा इतिहास असा गुंतागुंतीचा की ही ढिलाई तिथे सर्वांत महाग पडली.

लखनौ आणि अलाहाबाद या शहरांना वीज पुरवण्याचे परवाने यू. पी. इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीकडे होते आणि कंपनीचा कारभार कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीच्या हाती होता. परवाने १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाखालचे. त्या कायद्याचे लक्ष मुख्यतः पुरवठादारावर होते: रस्ता कसा खणायचा, तारा कशा टाकायच्या, दर कसे आकारायचे, चोरीला शिक्षा काय. ग्राहकाच्या घरात पुरवठा जिथे सुरू होतो तो बिंदू कायद्याने ठरवला, आणि कंपनीचे काम त्या बिंदूवर संपले. पुढचे काम घरमालकाने नेमलेल्या कंत्राटदाराचे. त्या काळाच्या मानाने यात गैर काही नव्हते. वीज घेणारे लोक मूठभर होते आणि ऐपतदार होते. छावणीतले बंगले, हजरतगंजातली दुकाने, १९११ मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज, तालुकदारांच्या कोठ्या, आणि प्रांताचा कारभार अलाहाबादहून लखनौला सरकू लागल्यावर उभी राहिलेली कौन्सिल हाउसची इमारत, जिचे उद्घाटन १९२८ मध्ये झाले. मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे एक उदाहरण याच काळातले आहे. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक निघाले आणि पुढे ते कैसरबागेतल्या परीखान्यात स्थिरावले. नवाबी वास्तूत विसाव्या शतकातली संस्था नांदवायची हा लखनौचा रिवाजच होता. बांधणाऱ्यांनी कल्पनाही न केलेला वापर त्या भिंतींना पेलावा लागला, आणि विजेच्या बाबतीतही तेच झाले.

पहिल्या पिढीच्या त्या वायरिंगला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते काम हलगर्जीचे नव्हते. तांब्याच्या तारेवर व्हल्कनाइज्ड रबर, त्यावर सुती विणकाम. कुठे लाकडी केसिंग-कॅपिंगमध्ये, कुठे चिनी मातीच्या क्लीटवर, तर कुठे सागवानी पट्टीवर. स्विच पितळी टोपीचा, बोर्ड लाकडी, फ्यूज चिनी मातीचा. घरात विजेवर चालणारे काय होते? दिवे आणि छताचे पंखे. दिव्याचे होल्डर हात सहसा जाणार नाही इतक्या उंचीवर आणि पंखा त्याहून वर. ज्या धातूला माणूस ओल्या हाताने धरील असे विजेचे उपकरणच घरात नव्हते. त्या काळची भीतीही वेगळी होती. लंडनच्या सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्सने १८८२ मध्ये घरगुती वायरिंगचे पहिले नियम काढले, ते विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी. पुढे जगभरच्या वायरिंगच्या नियमांवर ज्याची छाप पडली, त्या दस्तऐवजाला मुळात माणसाला बसणाऱ्या शॉकपेक्षा लाकडी छताची काळजी अधिक होती. फ्यूज हे त्याच काळजीचे अपत्य आहे. तार तापून पेट घेण्याआधी फ्यूज वितळावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि ती त्याने पुरी केली.

माणसाचे शरीर मात्र फ्यूजच्या हिशेबात कधी नव्हतेच. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर प्रवाह घेतो. एवढा प्रवाह छातीतून आरपार गेला तर हृदयाचे ठोके बिघडायला पुरेसा असतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही क्षण-दोन क्षण टिकला तर जीव जाऊ शकतो. पाच अँपिअरचा फ्यूज याच्या वीसपट प्रवाह मुकाट्याने वाहू देतो. म्हणून दिव्या-पंख्यांच्या काळात जी मांडणी चालून गेली, ती लोखंडी उपकरणांच्या काळात चालणार नव्हती, आणि इंग्लंडात हे वेळेवर ओळखले गेले. गोल पिनांच्या प्लगचे ब्रिटिश प्रमाण १९३४ मध्ये निघाले. त्यातली तिसरी, जाड आणि लांब पिन उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडण्यासाठी होती. आपल्याकडची पाच आणि पंधरा अँपिअरची सॉकेटे त्याच घराण्यातली. इंग्लंडने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे प्रमाण स्वीकारले; आपण गोल पिना ठेवल्या, आणि त्यात काही बिघडले नाही. बिघडले ते असे की लखनौच्या जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट दोन तारांच्या वायरिंगवर बसवले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अर्थिंग आहे. आत तिसऱ्या भोकामागे काहीच नसते. ही फसवणूक कोणी मुद्दाम केली असे नाही. बाजारात सॉकेट तीन भोकांचे मिळत होते आणि भिंतीवरच्या पट्टीत तारा दोनच होत्या.

मग आला कूलर. उत्तरेतला मे-जून ज्यांनी सोसलेला नाही त्यांना कूलर ही दुय्यम वस्तू वाटेल. लखनौमध्ये पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, लू वाहते, आणि मध्यमवर्गाच्या घराला खिडकीतल्या त्या पत्र्याच्या पेटीनेच उन्हाळा सुसह्य होतो. विजेच्या दृष्टीने मात्र याहून वाईट योग जुळवणे अवघड. पत्र्याचे अंग, आत पाण्याचा हौद, त्या पाण्यात बुडालेला पंप, पंपाची वायर सतत ओलसर, भोवती गळलेल्या पाण्याने भिजलेली फरशी, आणि पाणी भरायला अनवाणी येणारे घरातले माणूस, बहुधा बाई किंवा मूल. पंपाच्या वायरचे आवरण एका जागी चिरले की सगळी पेटी फेजवर येते. तिथले लोक म्हणतात, कूलरमध्ये करंट उतरला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने देशभरात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावल्याची नोंद असते. यात शेतातल्या आणि खांबांवरच्या तारांचा वाटा मोठा आहे, पण घरात गेलेले जीवही त्यातच मोजलेले आहेत. एवढ्या मोठ्या आकड्याने विमान किंवा रेल्वे अपघातात माणसे गेली असती तर चौकशी आयोग बसले असते. इथे माणसे एकेक करून, वेगवेगळ्या घरांत जातात, म्हणून बातमी स्थानिक पानाच्या पलीकडे जात नाही.

इथे एक गोष्ट हिशेब मांडून सांगितली पाहिजे, कारण 'अर्थिंग करून घ्या' एवढ्या उपदेशावर सगळे थांबतात आणि तो उपदेश अर्धाच आहे. समजा, घराच्या अंगणात खड्डा खणून पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरले, आणि त्या खड्ड्याचा रोध आठ ओहम आला. रोहित्राच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचा दोन ओहम धरा. पंपाची फेज कूलरच्या पत्र्याला चिकटली की प्रवाह वाहील २३० भागिले दहा, म्हणजे तेवीस अँपिअर. पंधरा अँपिअरच्या तारेचा किटकॅट फ्यूज साधारण त्याच्या दुपटीच्या आसपास लवकर वितळतो. तेवीसवर तो बराच वेळ तग धरतो. सोळा अँपिअरचा एमसीबीदेखील झटक्यात पडायला याच्या कितीतरी पट प्रवाह मागतो. आणि दरम्यान पत्र्यावर किती दाब असतो? तेवीस गुणिले आठ, १८४ व्होल्ट. म्हणजे खड्डा आहे, तार आहे, तरी पेटीला हात लावणारा सुरक्षित नाही. सुरक्षा पुरी होते ती गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणाऱ्या यंत्राने. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा आहे का, एवढेच ते पाहते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की निमिषात बंद पडते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसाचे शरीर किती प्रवाह सोसते याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६१ मध्ये घरगुती वापराचे असे यंत्र बनवले. दक्षिण आफ्रिकेत त्याआधीच, १९५० च्या दशकात, खाणींच्या निमित्ताने त्याच दिशेने काम झाले होते. तेव्हा ज्ञान उशिरा आले असे म्हणता येत नाही. लखनौच्या घरोघरी कूलर पोचले तेव्हा उपाय जगाला माहीत होता.

अर्थिंगच्या बाबतीत लखनौची जमीन तर दख्खनपेक्षा उदार आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चांगला अर्थ पिट मिळवणे ही कसरत असते. गोमतीकाठचा गाळ खोल, मऊ आणि बहुतेक काळ ओलसर. अडीच मीटरचा पाइप तिथे विनासायास उतरतो. अडचण उन्हाळ्याची आहे. नेमक्या ज्या महिन्यांत कूलर चालतात त्याच महिन्यांत वरची माती सुकते, शहरातले भूजलही खाली गेले आहे, आणि खड्ड्यात पाणी ओतायचे असते हे नव्या पिढीला कोणी सांगितलेले नसते. दाट वस्तीत खड्डा खणायला मोकळी जमीन नाही, म्हणून वायरमनांनी दोन पळवाटा काढल्या. पहिली, नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळणे. ऐशबागच्या जलकलमधून येणारे पाणी लोखंडी नळांतून घरांत येत असे आणि तो जमिनीखालचा लोखंडाचा सापळा खरोखरच उत्तम अर्थ होता. ब्रिटिश नियमांनी १९६० च्या दशकात यावर एकट्याने विसंबायला मनाई केली, कारण पाइप बदलला की अर्थ जातो आणि कोणाला कळत नाही. लखनौच्या घरांत तसेच घडले. गंजलेल्या लोखंडी नळाच्या जागी पीव्हीसी आला. प्लंबरने आपले काम चोख केले, आणि वायरमनने वीस वर्षांपूर्वी गुंडाळलेली तार प्लॅस्टिकवर लटकत राहिली. दुसरी पळवाट याहून घातक: सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला न्यूट्रलचा तुकडा जोडणे. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते. पण खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल तुटला की उपकरणातून फिरून आलेली फेज थेट त्याच्या पत्र्यावर येते. जुन्या बोर्डांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात, पण तारा जिवंत. १९५६ च्या नियमांनी अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये फ्यूज घालायला बंदी केली. बोर्ड मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

आता मालकीकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. १९४७ मध्ये उत्तर प्रदेशात भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि त्याची जागा १९७२ च्या कायद्याने घेतली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात भाडेकरूला छप्पर टिकवून देणे आवश्यकच होते. त्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. पण भाडे गोठले आणि घरमालकाचा दुरुस्तीतला रस संपला. १९७२ च्या कायद्याने घरमालकावर बंधन घातले ते घर वारा-पावसापासून सुरक्षित ठेवण्याचे, वेळोवेळी चुना लावण्याचे आणि दुरुस्तीचे, आणि भाडेकरूच्या सोयी तोडू नयेत हे बजावले. वीज तोडणे गुन्हा ठरले. जीवघेणी वीज तशीच चालू ठेवण्याबद्दल कायद्यात वेगळा शब्द नव्हता. मुंबईकर वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. पण मुंबईत १९६९ च्या कायद्याने निदान एक दुरुस्ती मंडळ तरी उभे केले, उपकर घेऊन चाळींची बांधकामे सावरली. तसे मंडळ लखनौच्या वाट्याला आले नाही.

त्यावर लखनौच्या खास गाठी. जुन्या शहरातला मोठा हिस्सा वक्फांचा आहे. मुहम्मद अली शाहने स्थापन केलेला हुसेनाबादचा न्यास तर इमामबाडे, तलाव आणि त्यांच्या भोवतालची मिळकत सांभाळत आला. त्याच्याच छोट्या इमामबाड्याची ख्याती मुहर्रमच्या रोषणाईसाठी, म्हणजे प्रकाशाची हौस या शहराला विजेच्या कितीतरी आधीपासून. शिवाय शत्रुसंपत्ती. महमूदाबादच्या राजांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, आणि १९६५ च्या युद्धानंतर त्यांच्या मिळकती, त्यांत बटलर पॅलेस आणि हजरतगंजातल्या मोक्याच्या इमारती, सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेल्या. वारसदाराने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. पुढे अध्यादेश निघाले आणि २०१७ च्या कायद्याने पारडे पुन्हा उलटले. अर्धे शतक ज्या इमारतीचा मालक कोण हे न्यायालय ठरवत होते, तिची वायरिंग बदलायला पैसा कोण घालणार? भाडेकरूला उद्याची खात्री नाही, अभिरक्षकाला भाडे नगण्य, वारसाला प्रवेश नाही. त्यातच एका हवेलीचे आठ भाग झाले, एका जोडणीवर चार चुली मांडल्या गेल्या, आणि १९६० च्या दशकापासून तांब्याच्या टंचाईमुळे स्वस्त म्हणून आलेली ॲल्युमिनियमची वायर जुन्या तांब्याला पीळ देऊन जोडली गेली. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू ढिला होतो आणि त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. जोड तापतो, आवरण करपते. जुन्या घरांतल्या आगींचे मूळ पुष्कळदा अशा जोडात असते.

या सगळ्या काळात कायदा गप्प होता का? नव्हता, आणि म्हणूनच राग येतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तेहतिसाव्या नियमाने पुरवठादाराला सांगितले होते की पुरवठा सुरू होतो तिथे ग्राहकाला योग्य अर्थ टर्मिनल द्यावे आणि ते सुस्थितीत ठेवावे. जुन्या गल्ल्यांत खांबावरून घरात येणाऱ्या तारा मात्र दोनच राहिल्या. सेहेचाळिसाव्या नियमाने सांगितले की जोडलेल्या प्रत्येक संचमांडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत एकदा निरीक्षकाने किंवा पुरवठादाराने करावी. जोडणी देण्याआधी गळती मोजायची, हाही नियम होता आणि तो पाळला जाई, कारण त्याशिवाय मीटर मिळत नसे. म्हणजे घराच्या वायरिंगची तपासणी जन्माच्या दिवशी एकदा होई. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत तिच्याकडे कोणी फिरकत नसे. कंपनीचा परवाना १९६४ च्या सप्टेंबरात संपला आणि लखनौचा पुरवठा राज्य वीज मंडळाकडे गेला. २००० मध्ये मंडळाचे विभाजन झाले, २००३ मध्ये मध्यांचल वितरण निगम आला. तीन धनी बदलले. प्रत्येकाने मीटरपर्यंतची तार आपली मानली. गळती ओळखणाऱ्या यंत्राची सक्ती नियमांत आली तेव्हा तिच्यातून कमी दाबाच्या, पाच किलोवॅटखालच्या जोडण्या वगळल्या गेल्या, आणि २०१० च्या विनियमांनी घरगुती जोडणीसाठी तीस मिलिअँपिअरची मर्यादा ठरवतानाही ही सूट कायम ठेवली. जुन्या लखनौमधले बहुसंख्य घरगुती ग्राहक पाच किलोवॅटच्या खालीच असणार. ज्यांच्या भिंती ओल्या, तारा जुन्या आणि खिशात पैसा कमी, नेमके तेच संरक्षणाच्या बाहेर राहिले. ज्याला बंगला आहे, चार वातानुकूलन यंत्रे आहेत, त्याच्यावर सक्ती आली. एका खोलीत एक कूलर चालवणाऱ्याला मोकळीक मिळाली. या मोकळीकीला सवलत म्हणणे मला मान्य नाही. पुढे कमी दाबाच्या संचमांडणीची नियतकालिक तपासणी ग्राहकाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर सोडण्यात आली. निरीक्षक पूर्वी येत नव्हते, आता येण्याची अपेक्षाही उरली नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हीच घरे ऐंशी-नव्वद वर्षे अर्थिंगशिवाय नांदली. हे खरे आहे, पण ज्या घरांनी ती वर्षे काढली त्यांत गीझर, वॉशिंग मशीन आणि बुडालेला पंप नव्हते. धोका भिंतीच्या वयाबरोबर वाढला त्याहून अधिक भिंतीवरच्या भाराबरोबर वाढला. दुसरा आक्षेप म्हणतो की खरा दोष पुरवठ्याचा आहे: तुटलेला न्यूट्रल, वर-खाली होणारा दाब, उघड्या तारांवर टाकलेले आकडे. पुरवठा सुधारलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण पुरवठा निर्दोष झाला तरी भिजलेल्या पंपाची फेज पत्र्यावर येणारच, आणि तिथे वाचवायला घरातलीच व्यवस्था लागते.

जो आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो तो वायरमनांचा आहे. ते म्हणतात, जुन्या घरात गळती ओळखणारे यंत्र बसवा, पहिल्या पावसात ते दिवसातून दहा वेळा पडेल आणि घरधनी तिसऱ्या दिवशी ते काढून टाकायला लावील. असे होते, आणि त्यात वायरमनचा दोष नाही. चुन्याचा गिलावा पावसात ओल धरतो, शंभर वर्षांचे रबर ठिसूळ होऊन गळून पडते, दोन खोल्यांनी एकच न्यूट्रल वाटून घेतलेला असतो; अशा घरात प्रवाह सतत थोडाथोडा भिंतीत झिरपत असतो. यंत्र खोटे बोलत नाही. पण त्यावर उपाय यंत्र काढणे हा नाही. मेगरने, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, प्रत्येक मंडल वेगळे तपासायचे, वाटून घेतलेले न्यूट्रल सोडवायचे, आणि सगळे घर एकदम उघडणे परवडत नसेल तर निदान ओल्या जागांची, म्हणजे कूलर, मोरी, पाण्याचा पंप यांची, नवी तीन तारांची लाइन स्वतंत्र ओढून तिच्यावर हे यंत्र ठेवायचे. यंत्राची किंमत कूलरच्या किमतीपेक्षा कमी असते. जुन्या वास्तूला धक्का लागतो, लाखौरी भिंत खोदू नये, असे म्हणणाऱ्यांनाही याच वाटेने जाता येते. भिंतीवरून नेलेली पट्टी हीच तर या घरांतल्या विजेची मूळ पद्धत आहे, खोदकाम कोणी मागितलेले नाही.

उरला निरीक्षकांच्या जाचाचा मुद्दा. घरोघरी सरकारी माणूस फिरू लागला तर चिरीमिरी वाढेल, ही भीती निराधार नाही. पण स्वयंपाकघरातल्या गॅसच्या जोडणीची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी हे आपण मान्य केले आहे. वितरकाचा माणूस येतो, नळी पाहतो, नोंद करून जातो. विजेला तेवढीही शिस्त का नको? दर महिन्याला मीटर वाचायला कोणीतरी दारात येतच होते. तपासणी न करण्यामागे तत्त्व होते असे मला इतिहासात कुठे दिसत नाही, सवय मात्र दिसते. आग लागली की शहर जागे होते: जून २०१८ मध्ये चारबागची हॉटेले जळाली, सप्टेंबर २०२२ मध्ये हजरतगंजातल्या एका हॉटेलच्या आगीत चार जण गेले, आणि मग चर्चा हॉटेलांच्या परवान्यांची झाली. घरे त्या चर्चेतही आली नाहीत.

बदलाची एक फट अलीकडे कायद्यात दिसते. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मांडला आणि उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी त्याच धर्तीवर १९७२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा केला. आदर्श कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्तीच्या जबाबदाऱ्यांची वाटणी आहे. घराची आतली-बाहेरची वायरिंग आणि तिची देखभाल घरमालकाकडे दिली आहे, हे स्वागतार्ह आहे. एवढ्या स्पष्ट शब्दांत हे पूर्वी लिहिले गेले नव्हते. पण सर्किट ब्रेकर, स्विच आणि सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूकडे टाकली आहे. म्हणजे तिसरी तार घरमालकाची आणि ती ज्यात शिरते ते तिसरे भोक भाडेकरूचे; गळती होते ती मालकाच्या तारेतून आणि ती पकडणारे यंत्र दुरुस्त करायचे भाडेकरूने. अर्थिंगचे नाव दोन्ही याद्यांत नाही. त्यातही वक्फांच्या आणि सरकारी मिळकती अशा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत, आणि हुसेनाबादपासून हजरतगंजापर्यंतच्या किती छपरांना हे अपवाद लागू पडतात ते वर आलेच आहे. त्या घरांसाठी मार्ग एकच उरतो: न्यासाने, अभिरक्षकाने आणि वितरण निगमाने मिळून मीटरच्या आतली तपासणी स्वतःच्या खर्चाने सुरू करायची, आणि तिची सुरुवात पाच किलोवॅटखालच्या जोडण्यांपासून करायची.